गावात घर, तालुक्याला खोली; कागद मात्र कुठेच नाही

जूनचा पहिला पंधरवडा आला की आपल्या भागातल्या रस्त्यांवर एक दृश्य हमखास दिसते. पेरणीच्या तयारीला लागलेल्या गावातून एक टेम्पो तालुक्याकडे निघतो. त्यात लोखंडी कॉट, गॅसची शेगडी, पत्र्याची पेटी, ज्वारीचे अर्धे पोते, पाण्याची घागर आणि वर बांधलेली गादी. पुढे ड्रायव्हरशेजारी आई आणि दोन लेकरं. बाप मागून मोटारसायकलवर. गावातलं घर बंद होत नाही, कारण म्हातारा-म्हातारी तिथेच राहतात. पण चूल दोन ठिकाणी पेटायला लागते. वाचकहो, हा टेम्पो तुम्ही पाहिला असेल. कदाचित तो तुमच्याच दारातून निघाला असेल.

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात. बांधताना माणूस कसा मेटाकुटीला येतो, हे ज्याने बांधले त्यालाच ठाऊक. पण आता नुसते बांधून भागत नाही. बांधलेल्या घरात राहता येईल की नाही, हा खरा प्रश्न झाला आहे. गावात स्वतःचे चार खण आणि तालुक्याला दहा बाय बाराची भाड्याची खोली, अशी दोन घरांची गृहस्थी आज हजारो शेतकरी कुटुंबे ओढत आहेत. ती का ओढावी लागते आणि तिच्यात आपले नुकसान कुठे होते, याचा हिशेब आज मांडू.

आकडे काय सांगतात?

२०११ च्या जनगणनेत देशातल्या प्रत्येक कुटुंबाला विचारले गेले, घर स्वतःचे की भाड्याचे? ग्रामीण भागातल्या ९४.७ टक्के कुटुंबांनी ‘स्वतःचे’ असे सांगितले. भाड्याने राहणारे निघाले अवघे ३.४ टक्के. शहरांत मात्र स्वतःच्या घरात ६९.२ टक्के आणि भाड्याने २७.६ टक्के. त्याआधीच्या २००१ च्या मोजणीतही खेड्यांचे चित्र जवळपास असेच होते.

शहरांचा जुना आकडा पाहिला तर गंमत वाटेल. १९६१ साली शहरांतली निम्म्याहून जास्त, म्हणजे ५४ टक्के कुटुंबे भाड्याने राहत होती. पन्नास वर्षांत ते प्रमाण निम्म्यावर आले. शहरे वाढली, खेड्यांतून माणसे शहरांकडे गेली, तरी भाडेकरूंचे प्रमाण घटले. लोकांना घरे परवडू लागली म्हणून हे झाले, असे कुणी म्हणेल. ते काही अंशी खरेही आहे. पण दुसरे कारण असे, की घर भाड्याने द्यायलाच लोक कचरू लागले. २०११ च्या मोजणीत देशाच्या शहरांत एक कोटी अकरा लाखांच्या आसपास घरे रिकामी सापडली. रिकाम्या घरांत आपला महाराष्ट्र देशात पहिला होता. सुमारे वीस लाख घरे! एकीकडे खोली मिळत नाही म्हणून पोराला रोज चाळीस किलोमीटर एस. टी. ने ये-जा करावी लागते आणि दुसरीकडे कुलूपबंद घरांत पाली फिरतात.

‘स्वतःचे’ म्हणजे नेमके काय?

आता गावाकडे वळू. शंभरात पंचाण्णव घरे स्वतःची, हे ऐकून आपली छाती फुगते. पण जरा खोलात जा. मोजणीदार विचारतो तो प्रश्न घराचा असतो. घराखालची जागा कुणाच्या नावावर आहे, हे त्यात येत नाही. वाड्याच्या सहा वाटण्या होऊन एकेका भावाला एकेक खण आला, मधली भिंत पोत्यांची आहे, तरी ते घर ‘स्वतःचे’. गायरानात वीस वर्षांपासून पत्रे ठोकून राहणाऱ्याचेही ‘स्वतःचे’. ऊसतोडीला सहा महिने बाहेर असलेल्या जोडप्याचे कुलूपबंद घरही ‘स्वतःचे’, मग ते जोडपे वर्षातला अर्धा काळ फडाशेजारच्या कोपीत का झोपेना.

मालकी सांगायला सोपी असते, सिद्ध करायला अवघड. शेताचा सातबारा आपण जिवापाड जपतो. पेटीच्या तळाशी, पिशवीत गुंडाळून ठेवतो. घराचा कागद दाखवा म्हटले की मात्र आपण घरपट्टीची पावती पुढे करतो, नाहीतर ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा. लक्षात ठेवा, नमुना ८ ही कर आकारणीची नोंद आहे. पट्टी कुणाकडून वसूल करायची, एवढेच ती सांगते. तेवढ्यावरून मालकी शाबीत होत नाही. तलाठ्याकडचा ‘८ अ’ तर वेगळाच. तो शेतजमिनीचा खाते उतारा आहे. नावातल्या सारखेपणामुळे पुष्कळांची गफलत होते आणि बँकेच्या दारातून परत यावे लागते.

असे का झाले? इंग्रजांच्या काळात जमिनीची मोजणी झाली ती मुख्यतः सारा वसुलीसाठी. शेतावर सारा होता, गावठाणावर नव्हता. म्हणून शेते मोजली गेली आणि घरांची वस्ती नकाशावर एकच ठिपका बनून राहिली. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये दोन हजारांवर लोकसंख्येच्या गावांची गावठाण मोजणी करण्याची तरतूद आली. त्यामुळे मोठ्या गावांना मिळकत पत्रिका, म्हणजे आपण ज्याला प्रॉपर्टी कार्ड म्हणतो, ती मिळू लागली. लहान गावे तशीच राहिली.

या लहान गावांसाठी अलीकडे ड्रोनने मोजणी सुरू झाली. आपल्या राज्यात तिचा पहिला प्रयोग पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी झाला. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने ‘स्वामित्व’ या नावाने ती देशभर जाहीर केली. यात आधी गावकऱ्यांनी आपापल्या हद्दी चुन्याने आखायच्या. मग वरून ड्रोन फिरून चित्रे घेतो. त्यावरून नकाशा तयार होतो, भूमी अभिलेख खात्याचे कर्मचारी गावात येऊन चौकशी करतात आणि मग सनद व मिळकत पत्रिका मिळते.

येथे एक सावधगिरीची गोष्ट. चुना आखायच्या दिवशी घरी कोण होते, यावर पुढचे पुष्कळ ठरते. जो भाऊ पुण्याला आहे, जी बहीण सासरी आहे, जे कुटुंब उसाच्या फडावर आहे, त्यांच्या वतीने बोलणारा कुणी नसतो. दोन फूट बोळ कुणाकडे गेला, मोरी कुणाच्या हद्दीत आली, हे नकाशावर एकदा बसले की वर्षानुवर्षे भांडण. म्हणून चौकशीची नोटीस लागल्यावर हजर राहा. वडील वारले असतील तर वारसांची नावे आधी लावून घ्या, आणि त्यात बहिणींचीही. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाएवढाच हक्क आहे. हरकत असेल तर मुदतीत लेखी द्या. पारावरची हरकत सरकार दप्तरी लागत नाही.

किल्लारीची आठवण

घराचे मोल काय असते, हे लातूर-धाराशिव पट्ट्याला सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र संपता संपता, दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरची माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे आठ हजार माणसे गेली. पुनर्वसनात बावन्न गावे नव्या जागी वसली. जमीन किती, यावर घर किती चौरस फुटांचे हे ठरले. भूमिहीन व अल्पभूधारकाला अडीचशे, मधल्याला साडेचारशे आणि मोठ्या शेतकऱ्याला साडेसातशे.

घर मिळाले, कागद मिळाला, ही मोठीच गोष्ट. पण त्या मापातच पुढचा प्रश्न होता. अडीचशे चौरस फुटांत राहिलेल्या घरातल्या पोरांची लग्ने होऊन आता त्यांची पोरे शाळेत गेली आहेत. तीन पिढ्या एका खोलीत कशा मावणार? मग कुणी पुढे पत्रा ओढला, कुणी मागे खोली काढली, आणि कुणी शहराची वाट धरली. घर एकदा दिले म्हणजे प्रश्न मिटला असे होत नाही, कुटुंब वाढतच असते.

घरकुलाचेही तेच. १९८५-८६ मध्ये इंदिरा आवास सुरू झाली, २०१६ पासून प्रधानमंत्री आवास ग्रामीण आली. सपाट भागात एक लाख वीस हजार रुपये आणि किमान पंचवीस चौरस मीटरचे घर, असा तिचा हिशेब ठरला. शिवाय रोजगार हमीतून मजुरी. राज्याच्या रमाई, शबरी यांसारख्या योजना आहेतच. पण या सगळ्यांची पहिली अट एकच, पायाखाली जागा हवी. ज्याला जागा नाही त्याचे नाव यादीत येऊनही घर अडते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात गावाच्या सार्वजनिक जमिनींवरच्या अतिक्रमणांबाबत कडक भूमिका घेतल्यापासून गायरानातून जागा मिळणे आणखी कठीण झाले. जागा खरेदीसाठी अर्थसाहाय्याची वेगळी योजना आहे, पण गावात विकत मिळणारी जागा आधी दिसली पाहिजे.

आठ क्विंटल सोयाबीनची खोली

आता तालुक्याच्या खोलीकडे या. पोरगी दहावीला गेली. गावची शाळा सातवीपर्यंत. शिकवणी हवी, विज्ञान हवे, आणि संध्याकाळची एस. टी. कधी येईल याचा नेम नाही. मग खोली घ्यावीच लागते. ‘लातूर पॅटर्न’च्या नावाने एका शहरात जे मोठ्या प्रमाणावर झाले, खोल्या, मेस, शिकवण्यांच्या गल्ल्या, तेच लहान प्रमाणावर आता कुठल्याही तालुक्याला दिसते.

समजा, खोलीचे भाडे महिना साडेतीन हजार आहे. वर्षाचे झाले बेचाळीस हजार. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला होता. म्हणजे हमीभाव पुरता हातात पडला असे धरले, तरी जवळजवळ आठ क्विंटल सोयाबीन नुसत्या भाड्यात गेले. कोरडवाहू एका एकराला एवढे पिकले तर आपण वर्ष बरे म्हणतो. म्हणजे चार एकरांच्या शेतकऱ्याचा एक एकर वर्षभर घरमालकासाठी पिकतो. बियाणे, खत, फवारणी, काढणी यांचा खर्च वेगळाच. त्यावर अनामत रक्कम, विजेचे युनिटमागे घरमालक सांगेल ते पैसे आणि पाण्याचा जार.

तरीही आपण खोली घेतो, आणि ते चूक आहे असे म्हणण्याची कुणाची छाती नाही. लेकराच्या शिक्षणासाठी केलेला खर्च तो. पण एवढा पैसा देताना आपण हातात काय घेतो? बहुतेक वेळा काहीच नाही. तोंडी बोलणे, ओळखीतला मधला माणूस आणि ‘तुम्ही आमचेच हाव की’ एवढा दिलासा. दिवाळीनंतर मालकाच्या पुतण्याचे लग्न निघते आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर खोली रिकामी करण्याचा निरोप येतो. अनामत? ती रंगरंगोटीत वळती होते. सांगायचे कुणाला, आणि दाखवायचे काय?

मालकाचे भय आणि कायद्याचे अंग

मालकाची बाजूही ऐकली पाहिजे, कारण गावातले घर बंद पडल्यावर उद्या तुम्हीच ते ग्रामसेवकाला किंवा शाळेतल्या गुरुजींना भाड्याने देणार आहात. ‘एकदा घुसला की निघत नाही’ हे भय त्याच्या मनात पक्के बसले आहे. त्याला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि भाडेकरू काढणे फार अवघड झाले. लढाईनंतरच्या घरटंचाईत गरिबाला त्याचा आधार मिळाला हे खरे. पण पुढे मुंबईच्या चाळींत भाडे चहाच्या किमतीएवढे उरले, मालकांनी डागडुजी सोडली, पागडीचा व्यवहार माजला आणि नवे घर भाड्याने देण्याआधी लोक दहादा विचार करू लागले.

हा कायदा आता नाही. त्याच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यातल्या तीन गोष्टी, कायदा ज्या शहरी हद्दींना लागू आहे तिथल्या मालकाने आणि भाड्याने राहणाऱ्याने, दोघांनीही पाठ कराव्यात.

पहिली. करार लेखी हवा आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदलेला हवा. कलम ५५ तसे सांगते. ‘अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला?’ ही समजूत आपल्या राज्यात चुकीची आहे. मुदत कितीही असो, नोंदणी लागते. स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

दुसरी. नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती त्याने केली नाही आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते ग्राह्य धरले जाते. ते खोटे आहे हे मालकाने सिद्ध करायचे. शिवाय शिक्षेची तरतूद आहे. नोंदलेला परवान्याचा करार असेल तर मुदत संपल्यावर ताबा परत मिळवण्याची वेगळी, सोपी वाट कलम २४ मध्ये मालकाला दिली आहे. म्हणजे ज्या भयाने मालक कागद टाळतो, त्या भयावरचा उपाय कागदातच आहे.

तिसरी. भाडेकरूचे पाणी, वीज अशा आवश्यक सोयी मालकाला मनमानीने तोडता येत नाहीत.

केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा मंजूर केला. राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नसावी, असे त्यात आहे. पण तो नमुना आहे. राज्याने स्वीकारून आपला कायदा केल्याशिवाय तो आपोआप लागू होत नाही. तेव्हा त्याच्या भरवशावर भांडायला जाऊ नका.

आडनाव विचारून मिळणारी खोली

आणखी एक गोष्ट लिहायला जड जाते, पण लिहिली पाहिजे. तालुक्याला खोली पाहायला गेल्यावर पहिला प्रश्न भाड्याचा नसतो. ‘आडनाव काय?’ असा असतो. ‘गाव कोणतं, गावात घर कुठल्या बाजूला?’ असा असतो. मग खोली एकाएकी ‘कालच दिली’ असे कळते. एकट्या बाईला, परित्यक्तेला, विधवेला तर अजून फेरे. लेकरांना घेऊन ती शिकवायला आली आहे, नवरा गावी शेत पाहतो, हे तिला दहा दारांत समजावून सांगावे लागते. गावकुसाची रेघ डांबरी रस्त्याने आपल्याबरोबर तालुक्यापर्यंत आली, ही आपल्या सगळ्यांच्या लाजेची बाब आहे. ज्या वाचकांच्या तालुक्याला दोन खोल्या रिकाम्या आहेत, त्यांनी याचा विचार करावा.

बाईच्या नावाचा विषय निघालाच आहे, तर गावातल्या घराकडेही पाहा. ग्रामपंचायतीच्या दप्तरी घर नवरा-बायको दोघांच्या नावे लावता यावे, असा निर्णय राज्याने २००३ साली घेतला. ‘घर दोघांचे’ म्हणून तो ओळखला गेला. दोन दशके उलटली, तरी किती दप्तरांत दोन नावे आहेत, हे तुम्हीच आपल्या गावात जाऊन पाहा. दोन ठिकाणची चूल सांभाळणारी तीच, पण दोन्ही ठिकाणच्या कागदावर तिचे नाव नाही.

आता काय करावे?

मोठे उपाय सरकारने करायचे आहेत. तालुक्याच्या ठिकाणी पुरेशी वसतिगृहे असती, वेळेवर एस. टी. असती आणि गावातच दहावीपर्यंतचे वर्ग असते, तर निम्म्या खोल्या घ्याव्याच लागल्या नसत्या. भाड्याचा प्रश्न मुळात शाळेचा आणि रस्त्याचा आहे, हे पुढाऱ्यांना विचारताना विसरू नका.

पण आपल्या हातातलेही बरेच आहे. गावात असाल तर ग्रामपंचायतीत जाऊन नमुना ८ चा उतारा काढा आणि त्यात नाव कुणाचे, क्षेत्र किती, हे डोळ्यांनी वाचा. आजोबांचेच नाव असेल तर वारस नोंदीचा अर्ज द्या. पत्नीचे नाव लावा. गावठाणाची मोजणी झाली आहे का, सनद आली आहे का, हे भूमी अभिलेखच्या तालुका कचेरीत विचारा. तालुक्याला खोली घेत असाल तर भाडे, अनामत, विजेचा दर आणि मुदत या चार गोष्टी करारात लिहून घ्या. मुदत शाळेच्या वर्षाएवढी, म्हणजे परीक्षा संपेपर्यंतची ठेवा. भाडे शक्यतो खात्यावरून द्या, नाहीतर पावती घ्या. खोली ताब्यात घेताना भिंतींचे, दारांचे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. रंगरंगोटीचा वाद तिथेच मिटतो.

२०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. पुढच्या मोजणीची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. घरांच्या यादीत ‘स्वतःचे की भाड्याचे’ हा प्रश्न येतो तेव्हा म्हातारा गावातल्या ओसरीवर बसून ‘स्वतःचं’ सांगतो, आणि त्याची सून तालुक्याच्या खोलीत ‘भाड्याचं’ सांगते. दोन्ही उत्तरे खरी असतात. मोजणीदाराला तेवढेच पुरते. आपल्याला पुरत नाही. तो उठून गेल्यावर दोघांनीही पेटी उघडावी आणि आपल्या उत्तराचा कागद आत आहे का, ते पाहावे.